तुम्ही विचारलंत म्हणून: मेजर, लढाईत होता का?

आमच्या सातारा भागात फौजेतून परतलेला कुणीही असो, गाव त्याला 'मेजर'च म्हणतं. मी हवालदार म्हणून पेन्शनीत आलो, तरी मेजरच. एसटीत, लग्नाच्या मांडवात, गिरणीत दळण टाकायला गेलो तरी ओळख झाली की दोन वाक्यांत प्रश्न येतो: "मेजर, लढाईत होता का?" पोरं त्याहून धीट. "किती मारले?"

अख्ख्या नोकरीत मी शत्रूवर एकही गोळी झाडली नाही. रेंजवर झाडल्या तेवढ्याच. हे सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. "मग कारगिलला?" तेव्हा आमचं युनिट दुसरीकडं होतं. मग तो बिचारा ऊसाच्या बिलावर येतो.

आता त्याचंही बरोबर आहे म्हणा. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. असल्या मुलखात फौजी म्हटलं की लोकांना रण दिसतं. पण तुम्ही विचारलंतच तर नीट सांगतो, थोडा वेळ लागेल.

मी बॉम्बे सॅपर्सचा, सॅपर म्हणजे फौजेतला इंजिनीअर दलाचा जवान. खडकीच्या बीईजी (बॉम्बे इंजिनीअर ग्रुप) सेंटरला रिक्रूट म्हणून गेलो, तिथंच कसम परेड झाली आणि पुढं एका इंजिनीअर रेजिमेंटच्या फील्ड कंपनीत पोस्टिंग आलं. इन्फन्ट्रीवाले, म्हणजे पायदळातले, आम्हाला गवंडी म्हणून चिडवतात. खोटं नाही ते. पूल टाकायचा, रस्ता काढायचा, बंकर बांधायचा, सुरुंग पेरायचे आणि काढायचे. गोळीबार सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यानंतर आमचं काम जास्त.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, म्हणजे फौज पाकिस्तानच्या सीमेवर नेऊन उभी करायची मोहीम. सुटीवरची माणसं परत बोलावली, युनिटची माणसांची संख्या पुरी केली, आणि आम्ही पंजाबच्या सीमेवर जाऊन पडलो. हुकूम सुरुंग पेरण्याचा. जानेवारीचं धुकं असं की आखणीची दोरी हातात, पण तिचं पुढचं टोक दिसायचं नाही. आणि जमीन कुणाची? शेतकऱ्याची. गहू वीतभर आलेला. सरदारजी बांधावर उभा राहून बघायचा, आणि आम्ही त्याच्या रानात ओळी टाकायचो. सरकारनं पुढं भरपाई दिली. पण मी कुणब्याचा पोर, उभ्या पिकात सुरुंग पुरणाऱ्याला बांधावरच्या माणसाकडं बघवत नाही, एवढंच सांगतो. तरी एकानं आम्हाला लस्सी पाठवली होती, आणि तीही भर थंडीत.

रणगाड्याचा सुरुंग मोठा असतो, माणसाच्या वजनानं तो सहसा उडत नाही. म्हणजे शत्रूचा सॅपर येऊन तो सहज उचलून नेईल. ते होऊ नये म्हणून त्याच्या आजूबाजूला माणसांसाठीचे लहान पेरतात. त्यातला एक बूट पॉलिशच्या डबीएवढा, बहुतेक सगळा प्लास्टिकचा. त्यानं माणूस सहसा मरत नाही, पाय जातो. तो बनवलेलाच तशासाठी आहे. जखमीला उचलायला आणखी दोघं-तिघं लागतात, म्हणजे तेवढी माणसं लढाईतून कमी. हे ट्रेनिंगला उस्ताद सांगायचे तेव्हा आम्ही वहीत लिहून घ्यायचो. प्रत्यक्ष हातात घेतल्यावर तो हिशेब वेगळा लागतो.

पेरून झालं की कागद. कुठल्या खुणेपासून किती अंतरावर, कुठल्या दिशेला, कुठल्या ओळीत किती, सगळी नोंद. भोवती तारेचं कुंपण, त्यावर लाल त्रिकोण. त्या कागदाला आम्ही रायफलीपेक्षा जास्त जपलं.

लढाई झाली नाही. सैन्य मागं घ्यायचा निर्णय १६ ऑक्टोबर २००२ ला झाला. पलटणी गाड्या भरून परत निघाल्या, आम्ही तिथंच. कारण पेरलेलं काढायचं कुणी? सीमेवर सुरुंग लाखांनी होते, आणि मधे एक पावसाळा होऊन गेलेला. पंजाबात पाणी साचून जमीन बसली, सुरुंग कलंडले, सरकले. राजस्थानात तर टेकडीच वाऱ्यानं जागा बदलते. गवत कमरेला लागलेलं, कारण वर्षभर तिथं माणूस फिरकलाच नव्हता. पोटावर झोपायचं, डिटेक्टरचं ऐकायचं, मग प्रॉडर, म्हणजे जमीन चाचपायची टोकदार सळई, घालायचा. तो तिरपा घालायचा, उभा कधीच नाही. सुरुंगाला दाब वरून लागतो, कडेला टोक टेकलं तर तो ऐकून घेतो. कागदावर ओळीत जेवढे लिहिलेत तेवढे हाताला लागलेच पाहिजेत. एक कमी भरला तर? रानडुकरानं उडवला असेल, की गाळात खोल गेला असेल, की आपल्याच गुडघ्याखाली असेल? पुन्हा पहिल्यापासून.

पेरताना माणसं गेली, काढतानाही गेली. न झालेल्या त्या लढाईत सुरुंग आणि गाड्यांचे अपघात धरून शेकडो जवान गेले. माझ्या छातीवर ऑपरेशन पराक्रमचं पदक आहे, ते त्याचं. लोक विचारतात, हे कुठल्या युद्धाचं? मी म्हणतो, झालं नाही त्याचं. हसतात. हसू द्या.

आणि सॅपर म्हणजे मागं राहणारा, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक नाव सांगतो. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, मूळचे कारवारकडचे, आमच्याच बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या रस्त्यावर, वरून गोळीबार चालू असताना, जखमी होऊनही ते सुरुंग काढत राहिले, रस्त्यावर आडवी पाडलेली झाडं बाजूला करत राहिले आणि रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले. किती मारले म्हणून नव्हे, रस्ता मोकळा केला म्हणून.

फौजी एकमेकांना 'किती मारले' विचारत नाहीत. कँटीनच्या रांगेत बघा, ईसीएचएसला, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्यात, औषधाला आलेले बघा, नाहीतर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला बँकेत जमलेले बघा. "कौनसी पलटण?" हा पहिला प्रश्न, दोघंही मराठी असले तरी हिंदीतूनच. मग सेंटर कुठलं, ट्रेड काय, कुठं-कुठं राहिलात. चौथ्या वाक्याला कुठल्यातरी लंगरचा, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघराचा, दाल-भात निघतो. लंगरचा कुक असेल, ड्रायव्हर असेल, क्लार्क असेल, त्याची नोकरी कुणी हलकी धरत नाही. बर्फातल्या रस्त्यावर रात्री रसद नेणाऱ्या ड्रायव्हरला तर मी माझ्यापेक्षा धाडसी मानतो. झाडलेल्या गोळ्या वाढवून सांगणारा भेटला की मात्र रांगेतले दोघं-तिघं एकमेकांकडं बघतात. त्याला डिस्चार्ज बुक दाखव म्हणायची वेळ येत नाही, तो आपणच विषय बदलतो.

आमच्या आळीत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे एक सुभेदार आहेत, सियाचीनला राहून आलेले. गावातल्या पोरांनी त्यांना किती वेळा छेडलं, पण ते एक अक्षर बोलत नाहीत. एकदा मी सहज विचारलं, "साहेब, वर पाणी कसं करायचात?" रॉकेलच्या स्टोव्हवर बर्फ वितळवायचं, त्या काजळीनं नाकातून काळं यायचं, डब्यातलं खाऊन-खाऊन जिभेची चव जायची, आणि हेलिकॉप्टरमधून पत्रं आली की पहिलं पत्र कुणाचं फोडायचं यावरनं भांडणं. संध्याकाळ झाली तरी ते उठेनात. वहिनींनी दोनदा आतून हाक मारली.

तेव्हा पुढच्या वेळी कुठला फौजी भेटला तर त्याला त्याचं काम विचारा. मला विचारायचं असेल तर सकाळी या. दुपारी मी रानात असतो.