बसता येईल असा देखावा

आमच्या मंडळाचे गणपतीतले देखावे मीच उभे करतो. प्लायवूड, पडदे, मोटर लावून मान हलवणाऱ्या मूर्ती. देखावे बघायला लोक रात्रभर हिंडतात, आणि आमच्या पोरांच्या तोंडी एकच वाक्य: "चला, पुढं चला!" बघा आणि सरका. लोकांना थांबता, बसता येईल असा देखावा कसा करायचा, हा माझा प्रश्न.

म्हणून लंडनच्या टेट मॉडर्नमधलं २००३ चं एक काम मला फार आवडतं. ओलाफुर एलियासन या कलाकारानं तिथल्या अवाढव्य हॉलमध्ये पिवळ्या दिव्यांचं अर्धवर्तुळ टांगलं, छताला आरसे लावले आणि धुकं सोडलं. खालचा अर्धा सूर्य दिव्यांचा, वरचा आरशातला. अर्ध्या दिव्यांत अख्खा सूर्य, म्हणजे आमच्या धंद्यातल्या माणसानं हात जोडावेत. पण खरी गंमत पुढंच. लोक आत आले आणि सरळ जमिनीवर आडवे झाले. वर आरशात स्वतःला शोधत पडून राहिले.

दुसरं उत्तर उत्तर आयर्लंडमधल्या डेरी या गावाचं. डेव्हिड बेस्ट या अमेरिकी कलाकारानं २०१५ मध्ये तिथल्या लोकांना हाताशी घेऊन लाकडाचं मंदिर उभं केलं. त्यातलं जाळीकाम मी फोटो मोठा करकरून बघितलंय. लोकांनी त्यात आपल्या वारलेल्या माणसांची नावं लिहिली, चिठ्ठ्या आणि फोटो ठेवले. होळ्या पेटवून कॅथलिक-प्रोटेस्टंटांनी एकमेकांना खिजवायचं, अशी त्या गावाची जुनी खोड. मार्चमध्ये ते मंदिर चिठ्ठ्यांसकट पेटवलं, तेव्हा मात्र बघायला दोन्हीकडची माणसं.

आपल्याकडं कोल्हापुरात ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळातलं. दुसऱ्या दिवशी माणसं तिथं नुसती उभी होती, कितीतरी नाटकवाले रडत होते. मग स्टेटस ठेवले, संपलं. २०१९ च्या महापुरातही तेच. पाणी ओसरलं, चिखल उपसला, पंचनामे झाले. रडायला सवड कुणाला होती? रंकाळ्यावर कट्टा आहे म्हणा, पण तिथं टेकलं की ओळखीचं कुणीतरी येतंच, "काय, आज एकटाच?"

तर यंदा मांडवात चटया टाकायच्या, पाठ टेकायला फळ्या, उजेड मंद. दोऱ्यांना कोरे कागद आणि पेन्सिली. वाटलं तर लिहा, नाहीतर नुसते पडा. पेटवायचं मात्र नाही. आपल्या गावानं आग पुरेशी बघितलीय. विसर्जनादिवशी सगळे कागद न वाचता काहिलीत भिजवून लगदा करायचा. नदीत तर अजिबात नाही, पंचगंगेला तिचंच पुष्कळ झालंय.

हे बैठकीत मांडलं. पहिला प्रश्न आला, "आणि डॉल्बी?" दुसरा खजिनदाराचा: "लोक उठलेच नाहीत तर?" रात्री बाराला बंद करू, म्हटलं. त्यांनी वहीत चटयांचा खर्च लिहून घेतला, पण मंजुरी अजून दिलेली नाही. पुढची बैठक रविवारी आहे. कुणाकडं जुन्या सतरंज्या असतील तर कळवा.