डिस्क फिरतेय, पण दिसत नाही

डेस्कटॉपमध्ये आणखी एक हार्डडिस्क बसवणं हे सोपं काम आहे, हे आधीच सांगून टाकतो. चार स्क्रू, दोन केबल, मग विंडोजमध्ये थोडी खटपट, झालं. माझ्या बाबतीत मात्र हे प्रकरण पार सर्व्हिस सेंटरच्या बाकड्यापर्यंत गेलं. का गेलं ते आठवलं की अजूनही डोकं तापतं.

गरज काय पडली? घरात मिनीडीव्ही कॅसेटींनी भरलेला एक खोका होता. मुलाची मुंज, पुतणीचं बारसं, वडिलांची पंच्याहत्तरी, सगळं त्यात. कॅमेरा अजून चालतोय तोवर हे कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावं म्हटलं. डीव्हीचा एक तास म्हणजे साधारण १३ जीबी. चाळीसएक कॅसेटी म्हणजे बघा हिशोब. शिवाय मोबाइलचे फोटो आणि व्हिडिओ आहेतच. पीसीत दोन एसएसडी होत्या, दोन्ही छोट्या एम-टूवाल्या, म्हणजे थेट मदरबोर्डवर, पीसीतल्या मुख्य सर्किट बोर्डावर, बसणाऱ्या, आणि दोन्ही गळ्यापर्यंत भरलेल्या. एक्स्टर्नल डिस्क घ्यायचा सल्ला सगळ्यांनी दिला. पण टेबलावर आणखी एक वायर लोंबकळत ठेवायची, येता-जाता ती ओढली जाणार, मग डिस्क खाली. नको म्हटलं. आत बसवली की विषय संपला.

खरेदी मुंबईत, लॅमिंग्टन रोडवर. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत गेलो, दोन-तीन दुकानांत भाव विचारला आणि ४ टीबीची साडेतीन इंची डिस्क घेतली. दुकानात विचारायची महत्त्वाची गोष्ट एकच, डिस्क सीएमआर आहे की एसएमआर. सीएमआरमध्ये डेटा लिहायचे ट्रॅक सुटे असतात, एसएमआरमध्ये ते छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले. त्यामुळे जागा वाचते, पण मोठाल्या फायली सतत लिहायला लागलात की वेग बसतो. नुसतं साठवून ठेवायचं असेल तर तीही चालते. मला व्हिडिओ कापायचे-जोडायचे होते, म्हणून सीएमआर घेतली.

दुसरं म्हणजे, अशी सुटी डिस्क चंदेरी पिशवीत मिळते आणि त्या पिशवीत डिस्कशिवाय काहीही नसतं. केबल नाही, स्क्रू नाहीत. साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी, वेगळी मागून घ्या, टोकाला धातूची क्लिप असलेली. मी दोन घेतल्या, आणि पुढे दोन्ही लागल्या. स्क्रूही तिथेच मागा, ‘हार्डडिस्कचे’ म्हणून. एसएसडीला लागतात ते बारीक आट्यांचे असतात, ते इथे बसत नाहीत. आणि बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या. दुकानदार म्हणेल, ‘साहेब, बॉक्सवर आहे ना.’ तरी घ्या. का ते पुढे कळेल.

घरी येऊन बसवायला वेळ लागला नाही. मेन स्विच बंद, वायर काढली, मग पॉवरचं बटण एकदा दाबून आत उरलेला करंट घालवला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि उघडलं. आत वर्षभराची धूळ, ती ब्रशने झटकली. डिस्क ट्रेमध्ये, ट्रे खणात, एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, येणारी रुंद चपटी पॉवर केबल डिस्कला, आणि बारीक साटा केबल डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत. दोन्हींची टोकं एल आकाराची असतात, उलटी जात नाहीत. जोर लावू नका, आतलं प्लास्टिक पटकन तुटतं. एसएमपीएसला साटाची पिन शिल्लक नसेल, तर जुन्या चार पिनांवरून साटा करणारे स्वस्तातले कन्व्हर्टर मिळतात. त्यातले टोकाशी अखंड प्लास्टिक ओतून बनवलेले घेऊ नका, ते आतून शॉर्ट होऊन जळू शकतात. आणि एसएमपीएसच्या केबल सुट्या निघणाऱ्या असतील तर त्याच एसएमपीएसबरोबर आलेली केबल वापरा. दुसऱ्या कंपनीची बसते बरोब्बर, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग नवी कोरी डिस्क एका क्षणात खलास.

मदरबोर्डला साटाचे सहा पोर्ट. चार खालच्या बाजूला आडवे, ते ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखाली गेलेले. पाच आणि सहा नंबरचे वर तोंड करून, अगदी हाताशी. पाचला केबल लावली.

पीसी सुरू केला. डिस्कवर बोट ठेवलं तर आत बारीक थरथर जाणवत होती, म्हणजे फिरत होती. विंडोजमध्ये मात्र नाव नाही. नवीन डिस्क ‘धिस पीसी’त आपोआप दिसत नाही हे मला माहीत होतं, म्हणून डिस्क मॅनेजमेंट उघडलं. तिथे त्याच दोन जुन्या एसएसडी. रिस्टार्ट करून डिलीट दाबत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये, शिरलो. साटाच्या यादीत सहाच्या सहा पोर्टांपुढे ‘एम्प्टी’.

केबल बदलली. पोर्ट सहाला लावून पाहिली. पॉवरची दुसरी पिन लावली. डिस्क थरथरतेय, बायोस म्हणतोय रिकामं. दोन पोर्ट, दोन केबल, दोन पॉवर पिना. कुठलाही शहाणा माणूस म्हणेल, डिस्कच खराब. दुसऱ्या पीसीवर लावून बघावी तर शेजारीपाजारी सगळे लॅपटॉपवाले.

हेल्पलाइनला फोन केला. बरीच बटणं दाबून झाल्यावर एक माणूस मिळाला.

‘सर, एक बार फॉर्मॅट करके देखिए.’

‘अहो, दिसतच नाही तर फॉर्मॅट कशाला करू?’

‘डिटेक्ट नहीं हो रहा? फिर ड्राइव्ह फॉल्टी है, सर.’

दुकानदारालाही फोन केला. त्याचं म्हणणं, आम्ही फक्त विकतो, वॉरंटीचं सर्व्हिस सेंटर बघतं.

सर्व्हिस सेंटर म्हणजे एका इमारतीच्या पोटमाळ्यावरची खोली. टोकन घ्यायचं, लोखंडी बाकड्यावर बसायचं. पंखा होता, पण तो काउंटरच्या आतल्या माणसांसाठी. माझ्या पुढच्या गृहस्थांनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. चंदेरी पिशवी नाही म्हणून त्यांना तिथूनच परत पाठवलं. तेव्हा ती पिशवी टाकून देऊ नका, वॉरंटी संपेपर्यंत कपाटात ठेवा. मग फॉर्म. नाव, मोबाइल, बिलाची झेरॉक्स, सिरीयल नंबर. बिलावरचा नंबर आणि डिस्कवरचा नंबर काउंटरवरच्या पोराने बोट ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिला. ज्यांच्या बिलावर नंबर नव्हता त्यांना ‘दुकानाचा शिक्का मारून आणा’. तक्रारीच्या रकान्यात तीन चौकोन होते: आवाज येतो, स्लो चालते, डिटेक्ट होत नाही. तिसऱ्यावर खूण केली. मदरबोर्ड कुठला, पोर्ट कुठला, आत आणखी काय काय बसवलंय, यासाठी फॉर्मवर एक ओळसुद्धा नाही.

‘काका, जॉबशीट सांभाळून ठेवा. मेसेज येईल.’

मेसेज लगेच येत नाही. फोन केला की ‘टेस्टिंगला आहे’. पुन्हा केला की ‘इंजिनिअर आज नाहीत’. नशिबाने डिस्क कोरी होती. कोणाच्या डिस्कवर काही असेल तर लक्षात ठेवा, बदलून दुसरी देतात तेव्हा आतला डेटा मिळत नाही, आणि तसं जॉबशीटच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं. सही करताना कोणी वाचत नाही.

शेवटी मेसेज आला. गेलो, टोकन घेतलं, बसलो. माझीच डिस्क परत हातात, वर चिठ्ठी चिकटवलेली: ‘नो फॉल्ट फाउंड’.

‘म्हणजे?’

‘म्हणजे चांगली आहे काका.’

‘मग माझ्याकडे दिसत का नाही?’

‘ते तुमच्या पीसीचं बघा.’ आणि पुढचं टोकन पुकारलं.

ज्याने पीसी असेंबल करून दिला होता त्याला फोन लावला. त्याने फोनवरच निदान केलं, मदरबोर्डचे साटा पोर्ट गेलेत, घेऊन या, नवीन बोर्ड टाकू. बोर्ड नवा म्हटला की जुना प्रोसेसर त्यावर बसेलच असं नाही, रॅमचाही प्रश्न येतो. चार टीबीच्या डिस्कपायी अर्धा पीसी बदलायची माझी तयारी नव्हती.

त्या रात्री मदरबोर्डचं मॅन्युअल उतरवून घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचत बसलो. इंग्रजी मॅन्युअल, बराचसा भाग इशाऱ्यांचा आणि आकृत्यांचा. साटाच्या पानावर काही नव्हतं. एम-टूच्या पानावर, तक्त्याखाली, फुली मारून एक ओळ होती: दुसऱ्या एम-टू स्लॉटमध्ये एसएसडी बसवल्यास साटा-५ आणि साटा-६ बंद होतील.

दुसऱ्या एम-टू स्लॉटमध्ये एसएसडी होती. असेंबलवाल्यानेच आदल्या वर्षी बसवून दिली होती.

कारण म्हटलं तर साधं आहे. मदरबोर्डवरच्या चिपसेटकडे मोजक्याच लेन, म्हणजे डेटा ये-जा करायच्या वाटा, असतात. त्या साटाला द्यायच्या, की एम-टूला, की कार्डांच्या स्लॉटला, हे बोर्ड बनवणारा ठरवतो. पुष्कळ बोर्डांवर एम-टूचा एखादा स्लॉट आणि साटाचे एक-दोन पोर्ट त्याच लेन वाटून घेतात. एकात काही बसवलं की दुसरं आपोआप बंद. कुठले पोर्ट बंद होतात ते बोर्डागणिक वेगळं. काही बोर्डांवर साटाच्या जातीची एम-टू एसएसडी असली तरच एखादा पोर्ट जातो, एनव्हीएमई ही दुसरी, वेगवान जात असली तर काही होत नाही. त्यामुळे मित्राच्या पीसीवर चाललं म्हणून तुमच्याकडे चालेल असं नाही. आपल्या मॉडेलचं मॅन्युअल उघडायचं आणि एम-टूचं पान वाचायचं, साटाचं नाही.

माझा राग त्या लेनवर नाही. राग याचा की बोर्डावर पोर्टाशेजारी ‘साटा-५’ असं छापायला जागा आहे, पण फुली मारायला नाही. बायोसला पोर्ट बंद केल्याचं माहीत असतं, तरी तो ‘बंद’ न लिहिता ‘एम्प्टी’ लिहितो. आणि हेल्पलाइन, दुकान, सर्व्हिस सेंटर, असेंबलवाला, एवढ्या जणांपैकी एकानेही विचारलं नाही, ‘कुठल्या पोर्टला लावलीत?’ सर्व्हिस सेंटरवाल्यांकडे तर दिवसभर ‘डिटेक्ट होत नाही’ म्हणूनच डिस्क येत असणार. फॉर्मवर तेवढा एक प्रश्न छापला असता तर त्या बाकड्यावरची निम्मी गर्दी घरीच थांबली असती, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राफिक्स कार्ड काढलं. त्याच्या स्लॉटच्या टोकाला एक प्लास्टिकची कडी असते. ती दाबल्याशिवाय कार्ड सुटत नाही, आणि कार्ड मोठं असेल तर बोट तिथवर पोचत नाही. मुलाची प्लास्टिकची फूटपट्टी आत घालून ती दाबली, टक् आवाज आला, कार्ड वर आलं. खाली चारही आडवे पोर्ट. एक नंबरला केबल लावली, कार्ड परत बसवलं, बायोस उघडला. पहिल्याच ओळीत डिस्कचं मॉडेल नंबरासकट नाव. घरात कोणी उठलेलं नव्हतं, नाहीतर ओरडलोच असतो.

पुढचं सगळं सुरळीत. स्टार्टवर राइट-क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडलं की विंडोज स्वतःच विचारतं, एमबीआर की जीपीटी. डिस्कवरच्या जागेची नोंद ठेवायच्या या दोन पद्धती. २ टीबीच्या वरच्या डिस्कला जीपीटीच. एमबीआर घेतलंत तर २ टीबीपलीकडची जागा वापरताच येत नाही. मग काळ्या पट्टीवर राइट-क्लिक, ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’, एक अक्षर द्यायचं, क्विक फॉर्मॅट. क्विकची खूण काढून पूर्ण फॉर्मॅट केलंत तर ४ टीबीला सात-आठ तास सहज लागतात, पण डिस्कचा कानाकोपरा तपासला जातो. मी रात्रभर लावून ठेवलं. एवढं सगळं झाल्यावर मला कोणाच्याही शब्दावर विसंबायचं नव्हतं. फॉर्मॅट करताना डिस्कचा क्रमांक दोनदा बघा, शेजारीच तुमची जुनी डिस्क असते.

शेवटी ३.६३ टीबी दिसेल. दुकानदाराला फोन करू नका, त्याने फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

खरेदीचं एक सांगायचं राहिलं. डिस्क चालू झाल्या झाल्या क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून ‘पॉवर ऑन अवर्स’ पाहा. नव्या डिस्कला तिथे नाममात्र आकडा हवा. हजारांत असेल तर जुना माल नव्या पिशवीत घालून दिलाय, बिल घेऊन लगेच दुकान गाठा.

असेंबलवाल्याला मुद्दाम फोन करून सांगितलं की बोर्ड ठणठणीत आहे, एम-टूमुळे पोर्ट बंद होते.

‘हां, त्या बोर्डला होतं साहेब तसं,’ तो म्हणाला. ‘आमच्याकडे बऱ्याच जणांचं झालंय.’