तुम्ही विचारलंत म्हणून: सुशीचा भात आणि फळांची बरणी दुपारपर्यंत चांगली कशी राहते?

सुशीच्या, म्हणजे व्हिनेगर घातलेल्या भाताच्या जपानी पदार्थाच्या, धर्तीवर भात आणि फळांचे थर लावून दुपारच्या जेवणाची बरणी भरायची म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. दुपारी उघडली की भात टणक झालेला असतो, तळाशी पाणी साचलेलं असतं, फळं काळी पडलेली असतात; मग ही बरणी जमते कशी? काहीजण त्याही आधीचं विचारतात, की भात आणि फळं मुळात एकत्र जातात का.

आधी या दुसऱ्या प्रश्नाचं सांगते. साध्या भातावर आंब्याच्या फोडी ठेवल्या तर नाही जात. भातात व्हिनेगर, साखर आणि मीठ असेल तर जातात, कारण मग भाताची चवही फळासारखीच आंबटगोड होते आणि मिठामुळे फळ जास्त गोड लागतं. जपानमध्ये चिराशी नावाचा सुशीचा प्रकार आहे. त्यात गुंडाळायचं काही नसतं, वाडग्यात व्हिनेगरचा भात आणि वर मासे, अंडं, भाज्या पसरलेल्या असतात. बरणी त्यावरूनच सुचते. सुशी म्हणजे कच्चा मासा असलाच पाहिजे असंही नाही; नुसत्या काकडीची सुशी जपानमध्ये रोज खाल्ली जाते. बरणीत तर कच्चा मासा घालूच नका. तो कापल्यावर लगेच खायचा असतो, डब्यात चार तास ठेवायचा नसतो.

आता भात. हा भात थंड खायचा आहे आणि तो तसाच शिजवायला हवा, गरम खायच्या भातासारखा नाही. शिजलेला भात थंड झाला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो आणि दाणा टणक होतो. फ्रिजच्या तापमानाला, म्हणजे साधारण 0 ते 5 अंशांत, ही क्रिया सगळ्यात वेगाने होते. ज्या तांदळात अमायलोज (स्टार्चचाच एक प्रकार) जास्त, तो लवकर कडक होतो. म्हणून बासमतीसारखा लांब, मोकळा तांदूळ इथे निरुपयोगी आहे. गरम असताना सुरेख दिसतो आणि दुपारी खडीसारखा लागतो. आखूड दाण्याचा, शिजल्यावर शितं एकमेकांना धरणारा तांदूळ घ्या. सुशी राइस म्हणून मिळतो तो उत्तम. त्यातही आदल्या रात्री बरणी भरणार असाल तर 150 ग्रॅम तांदळातले 20 ग्रॅम काढून तेवढा मोचीचा चिकट तांदूळ मिसळा. त्यात अमायलोज जवळजवळ नसतंच, त्यामुळे भात दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो.

अर्ध्या लिटरच्या दोन बरण्यांना 150 ग्रॅम तांदूळ पुरतो. जपानी मापात हा एक गो, म्हणजे 180 मिलीचं एक भांडं भरून. तीन-चार पाण्यांत हलक्या हाताने धुवा, पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत. वरचं सुटं पीठ राहिलं तर भात गिच्च होतो. चाळणीत निथळून मग 200 मिली पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा. भिजवणं टाळलं तर दाण्याचं बाहेरचं अंग मऊ होतं आणि पोटात कणी राहते. ही कणी गरम भातात कळत नाही, थंड झाल्यावर दाताखाली येते. झाकण घट्ट बसेल अशा जाड बुडाच्या भांड्यात मध्यम आचेवर उकळी आणा, मग आच अगदी बारीक करून 12 मिनिटं ठेवा, बंद करून आणखी 10 मिनिटं वाफेवर. मध्ये झाकण उघडू नका. एक शीत दोन बोटांत दाबून पाहा: ते पूर्ण सपाट व्हायला हवं, मध्ये पांढरा ठिपका राहता कामा नये.

भात वाफेवर असतानाच 30 मिली राइस व्हिनेगरमध्ये 15 ग्रॅम साखर आणि 3 ग्रॅम मीठ घालून मंद आचेवर विरघळवून घ्या. उकळू नका, आंबटपणा वाफेबरोबर उडून जातो. साखर इथे चवीपुरती नाही. ती पाणी धरून ठेवते आणि भात कडक होणं लांबवते, म्हणून पथ्य नसेल तर ती कमी करू नका. राइस व्हिनेगर नसेल तर सफरचंदाचं व्हिनेगर 25 मिली आणि पाणी 5 मिली चालतं. साधं पांढरं व्हिनेगर नाकात जातं, फळाचा वास मारून टाकतं. त्यापेक्षा लिंबाचा रस बरा.

हे मिश्रण भात गरम असतानाच घालायचं, कारण गरम दाणाच ते आत ओढून घेतो. गार भातावर ओतलं तर ते तळाशी जाऊन बसतं आणि वरचा भात फिका राहतो. जपानी स्वयंपाकघरात यासाठी हांगिरी नावाचा पसरट लाकडी टब असतो. लाकूड जास्तीचा ओलावा शोषून घेतं. तो नसला तरी अडत नाही, मोठा काचेचा किंवा स्टीलचा ट्रे घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा नको, आम्लाने त्याची चव उतरते. सपाट उलथनं तिरकं धरून भात कापल्यासारखा परतायचा, दाबून कालवायचा नाही. एकीकडे पंख्याचा वारा द्या, म्हणजे दाण्यावरचं पाणी उडतं आणि भाताला चमक येते. पाच मिनिटांत भात हाताला कोमट लागेल. मग पातळ पसरून पूर्ण गार होऊ द्या, वर ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं घाला. कोमट भात बरणीत भरून झाकण लावलं तर झाकणाला आतून घाम येतो, तो थेंबाथेंबाने वरच्या फळांवर पडतो, आणि तळाशी साचलेल्या पाण्याचा दोष मात्र फळांच्या माथी जातो.

नारळाच्या दुधात भात शिजवून वर फळं, हा प्रकारही खूप केला जातो. लगेच खायला तो सुंदर आहे. बरणीसाठी मी सुचवणार नाही. नारळाची चरबी साधारण 24 अंशांच्या खाली गोठते, म्हणजे फ्रिजमधून काढलेला तो भात दुप्पट कडक लागतो, वर जिभेला मेणचट थर. शिवाय त्यात आम्ल नसतं, त्यामुळे तो लवकर खराबही होतो.

खराब होण्याचं नीट बोलायला हवं. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यातल्या काही जातींचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. व्हिनेगरने त्यांची वाढ रोखली जाते, पण घरी आपण भाताचा पीएच मोजत नाही, म्हणून व्हिनेगरच्या भरवशावर राहू नका. भात गार करायला तासापेक्षा जास्त वेळ लावू नका, बरणी 5 अंशांच्या खाली ठेवा, नेताना बर्फाच्या पॅकबरोबर इन्सुलेटेड पिशवीत न्या. थंडाव्याशिवाय दोन तास ही मर्यादा, कडक उन्हाळ्यात एकच तास. रात्री भरलेली बरणी दुसऱ्या दिवशी दुपारी संपवायची. तिसऱ्या दिवसासाठी भरून ठेवू नका. खाण्याआधी 15 मिनिटं बाहेर काढून ठेवली की भात सैल पडतो, तेवढं पुरेसं आहे.

फळांचा नियम साधा आहे: साल शाबूत असलेलं फळ पाणी सोडत नाही, कापलेलं सोडतं. डाळिंबाचे दाणे, ब्लूबेरी, लहान आख्खी द्राक्षं बरणीसाठी सगळ्यात भरवशाची. कापायचंच असेल तर फोडी मोठ्या ठेवा, दीड सेंटिमीटरच्या. बारीक तुकडे दिसायला छान, पण जितके तुकडे जास्त तितक्या कापलेल्या बाजू जास्त, आणि प्रत्येक बाजू गळते. आंबा पिकलेला पण दाबल्यावर किंचितच दबणारा हवा. पूर्ण मऊ आंब्याची बरणी दुपारी काचेतून पाहिली तर फोडींखालचा भात बोटभर पिवळा झालेला दिसतो आणि त्या पट्ट्यातली शितं फुगून फुटलेली असतात. तो भाग खाताना खिमट लागतो. कलिंगड आणि खरबूज घालूच नका, केळंही नको. स्ट्रॉबेरी आख्खी, देठ खायच्या वेळी काढायचं. देठ काढून धुतली की ती आतून पाणी पिते आणि मग भातात सोडते.

कापलेली सगळी फळं दहा मिनिटं चाळणीत ठेवा, मग कोरड्या कापडावर पसरून वरून टिपा. एवढ्या एका कामाने तळाशी साचणारं निम्मं पाणी टळतं. फळांवर साखर किंवा मीठ भुरभुरू नका. दोन्ही फळातलं पाणी बाहेर ओढतात. काकडीला मात्र मुद्दाम मीठ लावायचं: बिया काढून पातळ काप करा, 100 ग्रॅमला 2 ग्रॅम मीठ चोळा, दहा मिनिटांनी मुठीत घट्ट पिळा. तिचं पाणी तिथेच निघून गेलं की बरणीत ती कुरकुरीत राहते.

सफरचंद, पेअर आणि अ‍ॅव्होकाडो काळे पडतात ते हवेमुळे. जपानी डब्यांत सफरचंदाच्या फोडी मिठाच्या पाण्यातून काढतात: 250 मिली पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ, पाच मिनिटं, मग निथळून पुसायच्या. खारट लागत नाहीत आणि लिंबाने येणारा आंबटपणाही येत नाही. अ‍ॅव्होकाडोला मात्र लिंबूच लावा आणि तो दोन भातांच्या मध्ये दाबून बसवा, तिथे हवा कमी पोचते.

किवी, अननस आणि पपई यांच्याकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. ही फळं न शिजवता घातली तर त्यांत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. भाताला त्यांचा काही त्रास नाही, पण शेजारी दही असेल तर ते तास-दोन तासांत कडू होतं, कोळंबी असेल तर ती पिठूळ होते. ही फळं घातली तर प्रथिनाचा थर बरणीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, किंवा विकत मिळणारा हवाबंद डब्यातला अननस वापरा. तो उकळलेला असल्यामुळे त्यात हे एन्झाइम उरलेलं नसतं.

बरणी रुंद तोंडाची, सरळ बाजूंची घ्या. खांदे असलेल्या बरणीत चमचा कोपऱ्यात पोचत नाही. तळाला सगळ्यात जास्त गळणारं फळ, म्हणजे संत्र्याच्या सोललेल्या पाकळ्या: जे पाणी सुटेल ते खालीच राहील. त्यावर पिळलेली काकडी, म्हणजे भात त्या रसाला थेट टेकत नाही. मग 80 ग्रॅम भात, चमच्याच्या पाठीने फक्त सपाट करायचा. दाबलात तर थंड झाल्यावर त्याची वडी होते आणि चमचा आत जात नाही. भातावर एक पातळ ऑम्लेट, बरणीच्या मापाने गोल कापलेलं: एका अंड्यात चिमूटभर मीठ आणि पाव चमचा साखर, तव्याला तेलाचा हात, रंग न येऊ देता दोन्ही बाजूंनी शिजवून, गार करून. वरच्या आंब्याचा रस ते अडवतं. अंडं खात नसाल तर भाजलेल्या तिळाचा जाडसर थर द्या, किंवा नीट पाणी काढलेल्या टोफूचे पातळ काप. त्यावर 70 ग्रॅम आंबा किंवा अ‍ॅव्होकाडो, पुन्हा 80 ग्रॅम भात, आणि सगळ्यात वर डाळिंब, ब्लूबेरी किंवा द्राक्षं. झाकणाखाली बोटभर जागा सोडा. थर काचेला चिकटलेले हवे असतील तर फोडी आधी कडेने लावा, मधली जागा मागाहून भरा.

सोया सॉस बरणीत ओतायचा नाही. त्यातलं मीठ फळांचं पाणी काढतं आणि भात तपकिरी होतो. एका बरणीला दोन छोटे चमचे सॉस आणि एक छोटा चमचा लिंबाचा रस, छोट्या बाटलीत वेगळा. वासाबी, म्हणजे सुशीबरोबरची झणझणीत हिरवी चटणी, आवडत असेल तर त्यातच कालवा. आंब्याबरोबर तो फार चांगला लागतो, स्ट्रॉबेरीबरोबर अजिबात नाही. तिथे लोणच्यातलं आलं घ्या.

नोरी, म्हणजे सुशीला लागणारा समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ कागद, तीसुद्धा बरणीबाहेरच. ओल्या भाताला लागली की काही मिनिटांत ती चामट होते आणि दाताने तुटत नाही. तिच्या चार बोटं रुंद पट्ट्या कोरड्या डबीत न्या, मऊ पडल्या असतील तर आचेवरून दोनदा फिरवल्या की पुन्हा कडक होतात. खाताना बरणी ढवळू नका. वरून दोन थर खोल चमचा घाला, भात आणि फळ नोरीच्या पट्टीवर घ्या, सॉसचे दोन थेंब टाका आणि लगेच खा. शेवटी तळाशी काकडी आणि संत्र्याचा रस उरतो, त्यात उरलेला सॉस घालून तो चमच्याने संपवायचा.