पेपर माझा, पीडीएफ त्यांची

नॅकची, म्हणजे कॉलेज-युनिव्हर्सिट्यांना ग्रेड देणाऱ्या संस्थेची, टीम येणार म्हटलं की आमच्याकडे भिंतींना रंग लागतो, कुंड्या येतात आणि सर्क्युलर निघतात. या वेळच्या सर्क्युलरमध्ये होतं, सगळ्यांनी आपापले रिसर्च पेपर युनिव्हर्सिटीच्या रिपॉझिटरीत (म्हणजे कुणालाही फुकट वाचता येईल अशा ऑनलाइन संग्रहात) शुक्रवारपर्यंत टाकावेत. सर्क्युलर आलं बुधवारी दुपारी. मी म्हटलं त्यात काय, सात पेपर, सातही पीडीएफ एका फोल्डरमध्ये आहेत, चहा होईपर्यंत काम संपेल. थीसिस तर कधीचाच शोधगंगेवर, देशभरातल्या थीसिसांच्या ऑनलाइन संग्रहात, आहे.

लायब्ररीतल्या सरांनी पहिली पीडीएफ उघडली, वरचा जर्नलचा लोगो बघितला आणि बंद केली. "मॅडम, ही नाही चालायची."

"का? माझाच पेपर आहे."

"पेपर तुमचा, पीडीएफ त्यांची."

पीएचडी होऊन इतकी वर्षं झाली आणि ही गोष्ट मला नीट माहीतच नव्हती हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. पेपरच्या तीन अवस्था असतात. आपण पहिल्यांदा पाठवतो ती. मग रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर तपासणारे त्याच विषयातले लोक, झोडपतात, आपण दुरुस्त्या करतो आणि एडिटर हो म्हणतो, ती ॲक्सेप्टेड मॅन्युस्क्रिप्ट. आणि मग पब्लिशर दोन कॉलममध्ये लावून, लोगो आणि पान नंबर टाकून छापतो ती. कॉपीराइट ट्रान्सफरच्या फॉर्मवर आपण रात्री साडेअकराला न वाचता टिक करतो तेव्हा ही तिसरी, देखणी, सगळ्यांना मेल करायची असते ती, पब्लिशरची होते. मधली मात्र बहुतेक पब्लिशर रिपॉझिटरीत टाकू देतात, कोणी लगेच, कोणी १२ महिन्यांनी, कोणी २४. कुठल्या जर्नलचा काय नियम हे शेर्पा रोमिओ नावाच्या साइटवर दिसतं, आता त्याचं नाव ओपन पॉलिसी फाइंडर केलंय. माझ्या सातातला एक ओपन ॲक्सेस, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या, जर्नलमधला होता, त्याची पीडीएफ तशीच चालली. उरलेले सहा जुने, एम्बार्गो, म्हणजे पब्लिशरने थांबायला सांगितलेला काळ, कधीच संपलेला, म्हणजे हक्क आहे, फक्त फाइल पाहिजे.

आणि फाइल कुणाकडे असते हो? पेपर ॲक्सेप्ट झाल्याची मेल येते त्या दिवशी आपण कॅन्टीनमध्ये सगळ्या लॅबला वडापाव देतो, ती वर्डची फाइल जपून ठेवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

घरी जुना लॅपटॉप काढला. बॅटरी फुगलेली, चार्जर लावून धरला तरच चालू राहतो. एका फोल्डरमध्ये "फायनल", "फायनल २", "फायनल सर करेक्शन", "फायनल सर करेक्शन लेटेस्ट" आणि "हाच पाठवायचा" अशा पाच फाइली, आणि गंमत म्हणजे "हाच पाठवायचा" तारखेने सगळ्यात जुनी निघाली. शेवटी एकेका फाइलमधला कन्क्लूजनचा परिच्छेद छापील पीडीएफशी ओळीने ओळ लावून बघितला. दोन पेपर असे सापडले. दोन जुन्या मेलच्या अटॅचमेंटमध्ये मिळाले, "आर टू" (दुसरं रिव्हिजन) असं सर्च केल्यावर.

उरलेल्या दोनसाठी गाइडना फोन केला. सर आता रिटायर होऊन गावी असतात. म्हणाले, "अगं, पीडीएफ आहे ना छान, तीच टाक की, कोण बघतंय?" कोण बघतंय ते मला माहितीये. मागे एका साइटवर मी अशीच पीडीएफ टाकली होती, काही महिन्यांत पब्लिशरच्या तक्रारीवरून उडाली. सरांना काही बोलले नाही, त्यांच्या पिढीने झेरॉक्स काढून पोस्टाने रीप्रिंट पाठवले आहेत.

यातले तीन पेपर डीएसटीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या, पैशातून झालेले. ॲक्नॉलेजमेंटमध्ये ग्रँटचा नंबर आम्ही न चुकता लिहिला होता. आणि डीएसटी आणि डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग) यांची ओपन ॲक्सेस पॉलिसी डिसेंबर २०१४ पासून आहे, त्यात लिहिलंय की ॲक्सेप्ट झाल्यावर दोन आठवड्यांत ही मधली फाइल रिपॉझिटरीत जमा करायची. दोन आठवडे! आम्ही कित्येक वर्षं लावली, तीही नॅक आलं म्हणून. कुणी विचारलंही नाही.

बंगळुरूच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेने २००२ मध्येच अशी रिपॉझिटरी सुरू केली, त्यामुळे सॉफ्टवेअर नव्हतं वगैरे म्हणायला जागा नाही. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेतली माझी एक मैत्रीण तर जर्नलला पाठवायच्या आधीच पेपर अर्काइव्ह (arXiv) या फुकट साइटवर टाकून मोकळी होते, फिजिक्सवाल्यांना १९९१ पासून ती सवय आहे, आम्ही केमिस्ट्रीवाले लपवून ठेवण्यात पटाईत. पण मला सगळ्यात पटला तो बेल्जियममधल्या लिएज युनिव्हर्सिटीचा उपाय. त्यांनी सांगून टाकलं, प्रमोशनच्या वेळी जे रिपॉझिटरीत आहे तेवढंच मोजणार. बस. अवेअरनेस वर्कशॉप आणि समोशांपेक्षा हे लागू पडतं.

आता कुणी म्हणेल वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय की, १ जानेवारी २०२५ पासून ३० पब्लिशरांची १३,००० च्या आसपास जर्नल्स सरकारी संस्थांना मिळतात. मिळतात, मी वापरते, सोय मोठी आहे. पण तीन वर्षांचे ६,००० कोटी आहेत ते, आणि त्यातले कितीतरी पेपर आपणच फुकट लिहिलेले, आपणच फुकट तपासलेले. आणि विनाअनुदानित कॉलेजात शिकवणारी माझी जुनी लॅबमेट अजून मला व्हॉट्सॲपवर "हा काढून दे ना" म्हणून लिंक पाठवते, तिचं कॉलेज त्या योजनेत नाही.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाच चढले. दोन ओळींत मोकळी जागा, समासात लाइन नंबर, आकृत्या सगळ्या शेवटी, दिसायला गबाळं ध्यान, पण पूर्ण वाचता येतं. सोमवारी लायब्ररीतून फोन, "मॅडम, पान ९ वर पिवळं केलंय आणि बाजूला 'रेफरन्स कुठाय?' असं लिहिलंय, ठेवायचं का?" गाइड सरांची जुनी कमेंट होती. काढून परत दिली.

दोन पेपर अजून सापडत नाहीत, दोन्ही झिंक ऑक्साइडवरचे. आमच्या लॅबचं कुणी हे वाचत असेल तर प्लीज जुन्या हार्ड डिस्क बघा. वर्डची फाइल पाहिजे, पीडीएफ नको.