डोंगल लिनक्सवर चालतं, आधी त्याला मोडेम बनवावं लागतं एवढंच

"लिनक्सवर डोंगल (सिम घालून नेट देणारी यूएसबीची कांडी) चालत नाही हो" असं दुकानदार इतक्या खात्रीने सांगतात की समोरचा माणूस विचारायचंच सोडून देतो, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण जुन्या लॅपटॉपवर मिंट किंवा उबुंटू असं लिनक्स टाकून मस्त काम करणारा कोणीतरी फक्त एवढ्यासाठी परत विंडोज टाकून घेतो. बहुतेक डोंगलचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतात, वेगळा ड्रायव्हर शोधायची गरज नसते.

देवगडला मामेभावाकडे हेच झालं. वाडीत केबलचं नेट नाही, आणि फोनचं हॉटस्पॉट चालतं पण दादा बागेत गेला की फोनही त्याच्याबरोबर जातो, मग घरी वहिनीला आंब्याच्या ऑर्डरी बघायला नेट नाही. घरात जुना हुआवेईचा ई१५५० पडलेला होता. लॅपटॉपला लावला तर मोडेमऐवजी सीडी दिसायला लागली, त्यात विंडोजची सेटअप फाइल. इथेच लोक हात टेकतात. पण ही सीडी मुद्दाम ठेवलेली असते, विंडोजवाल्यांना वेगळी डिस्क द्यायला लागू नये म्हणून डोंगल आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून सांगतं आणि योग्य मेसेज मिळाला की मगच मोडेम होतं.

टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी मारा, जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी येते. १२डी१:१४४६ असं काही दिसेल, पहिला भाग हुआवेईचा, दुसरा त्या अवस्थेचा. तो मेसेज पाठवायचं काम यूएसबी-मोडस्विच नावाचं छोटं पॅकेज करतं, जोझुआ डिट्झे यांनी लिहिलेलं, आणि त्याच्या डेटा पॅकेजमध्ये कितीतरी डोंगलांची माहिती आधीच भरलेली आहे. ते टाकून डोंगल काढून परत लावलं, थोडं थांबून एलएसयूएसबी मारलं तर १४४६ जाऊन १००१ आलं होतं, आणि डेव्ह फोल्डरमध्ये टीटीवाययूएसबी० वगैरे पोर्ट उगवले. नंबर बदलला म्हणजे अवघड काम संपलं. आता नेटच नाही तर पॅकेज कुठून आणायचं, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्सला तो सरळ नेटवर्क कार्डासारखा दिसतो.

पुढचं नेटवर्क मॅनेजर करतो. नवीन मोबाइल ब्रॉडबँड कनेक्शन, देश भारत, कंपनी निवडा, एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटचं नाव, तपासा (बीएसएनएलला बीएसएनएलनेट, एअरटेलला एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम), सिमला पिन असेल तर तोही द्या, झालं. जुन्या लेखांमध्ये डब्ल्यूव्हीडायल या जुन्या डायल करणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल हाताने लिहून *९९# डायल करायला सांगतात, त्यानेही चालतं पण आता त्यात वेळ घालवू नका, नेटवर्क मॅनेजरच्या जोडीचा मोडेम मॅनेजर ते सगळं आतल्या आत करतो.

कनेक्ट झालं तरी पान उघडत नव्हतं, म्हणून रेंज बघितली. एमएमसीएलआय -एम एनी मारलं की सिग्नल क्वालिटी टक्क्यांत दिसते. माजघरात १९ टक्के. चिऱ्याच्या जाड भिंती, त्यात लॅपटॉप कोपऱ्यात. मग यूएसबीची एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल पडवीच्या खिडकीत नेऊन ठेवलं आणि तीच कमांड परत मारली तर ४८ टक्के. सेटिंग एकही बदललं नव्हतं. वहिनीने लगेच मेल उघडून बघितला. म्हणून माझं म्हणणं आहे की सेटिंग उकरत बसण्याआधी डोंगल खिडकीत नेऊन बघा, केबल मात्र लांबलचक नको, पॉवर कमी पडली की डोंगल मधेच बंद पडून परत सुरू होतं.

हायलिंकवाले, म्हणजे स्वतःच छोट्या राउटरसारखे चालणारे, नवीन डोंगल अजून सोपे, उदाहरणार्थ ई३३७२ चं हायलिंक मॉडेल. ते मोडेम म्हणून नाही तर इथरनेट कार्ड म्हणून दिसतं, एपीएन वगैरे त्याच्याच पानावर, ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ टाकायचं.

आणि ३जी डोंगलमध्ये जिओचं सिम घालून लिनक्सला दोष देऊ नका. जिओचं नेटवर्क ४जीपासूनच सुरू झालं, त्यात ३जी नाहीच, जुन्या डोंगलला ते सापडणारच नाही, विंडोजवरही नाही. जुनं डोंगल विकत घेत असाल तर खोक्यावर एलटीई (म्हणजे ४जी) लिहिलंय का ते आधी बघा.