योइचीचा धूर आणि आमच्या घरचा बंब

फेब्रुवारीत आप्पा महिनाभर माझ्याकडे जपानमध्ये सापोरोला आले होते, तेव्हाची ही गोष्ट. साखर कारखान्यात बॉयलरवर आयुष्य गेलेला माणूस, देवळं-बागा दाखवून खूश होणाऱ्यातला नाही, म्हणून म्हटलं चला, योइची गावची व्हिस्कीची डिस्टिलरी दाखवते. सापोरोहून ट्रेनने ओतारू, तिथे गाडी बदलायची, सगळा मिळून सव्वा-दीड तास. स्टेशनातून बाहेर पडलं की चार पावलांवर दगडी कमान आणि आत लाल छपरांच्या दगडी इमारती, त्या दिवशी तर सगळ्यावर गुडघाभर बर्फ होता.

निक्का कंपनीची ही डिस्टिलरी मासाताका ताकेत्सुरू यांनी 1934 मध्ये सुरू केली. हा गृहस्थ 1918 मध्ये व्हिस्की शिकायला थेट स्कॉटलंडला गेला, तिथल्या डिस्टिलऱ्यांत काम करत वह्या भरभरून नोंदी काढल्या आणि 1920 मध्ये परत येताना रीटा नावाच्या स्कॉटिश मुलीशी लग्न करून आला. आधी त्यांनी दुसऱ्या कंपनीसाठी (आजची सनटोरी) यामाझाकीची डिस्टिलरी उभी केली, 1929 मध्ये तिथली पहिली व्हिस्की बाजारात आली आणि लोकांना ती आवडलीच नाही, फार धुरकट लागते म्हणाले. पुढे वेगळं होऊन ते एवढ्या उत्तरेला आले, कारण थंड दमट हवा, स्वच्छ पाणी, कोळसा, आणि जवळच्या इशिकारीच्या मैदानी प्रदेशात पीट. लोकांनी ज्या धुराला नाकं मुरडली तोच धूर करायला हा माणूस इथवर आला, मला त्यांची ही गोष्ट फार आवडते.

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजत, दबत गेलेलं गवत आणि शेवाळ. मातीसारखं कापून काढतात, वाळवतात आणि जाळतात. भिजवून मोड आणलेलं बार्ली वाळवताना खाली हे जाळलं की धूर दाण्यात शिरतो आणि मग आंबवणं, गाळणं, पिंपातली वर्षं, एवढ्या सगळ्यातून तो टिकतो. आता माल्ट, म्हणजे हे मोड आणून वाळवलेलं बार्ली, बहुतेक बाहेरूनच येतं, पण जुनी भट्टी, तिचं ते टोकदार छप्पर, अजून तिथे आहे.

आप्पा मात्र स्टिलहाऊसमध्ये, म्हणजे दारू गाळतात त्या इमारतीत, खिळले. तांब्याचे मोठमोठे पॉट स्टिल (दारू गाळायची भांडी) आणि त्यांच्याखाली खरा कोळसा! एक माणूस थोड्या थोड्या वेळाने भट्टीचं दार उघडून फावड्याने कोळसा टाकत होता. बाकी बहुतेक ठिकाणी वाफेवर तापवतात, कोळशावर करणारं जगात आता जवळजवळ कोणी उरलेलं नाही. आप्पा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अगं, तो टाकतोय कसा बघ, एका जागी ढीग नाही, पातळ पसरतोय. सगळीकडे सारखी आच लागायला हवी. हात बसायला वर्षं जातात." आच थेट बुडाला लागते म्हणून आतलं जरा खरपूस होतं आणि ती चव दारूत उतरते. दुधाच्या पातेल्याची खरवड आठवा, तसं काहीतरी. स्टिलच्या गळ्यात पेंढ्याचे दोर बांधलेले होते, ते जपानी शिंतो देवळात असतात तसले, ताकेत्सुरूंचं घराणंच साके (तांदळाची जपानी दारू) बनवणाऱ्यांचं त्यामुळे ही प्रथा तिकडून आली. आप्पांना सांगावंच लागलं नाही, "खंडेनवमीला आपण मशीनला हार घालतो, तेच की हे."

टूरच्या शेवटी तीन ग्लास फुकट देतात, योइची सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत फक्त माल्टपासून केलेली व्हिस्की), त्यांचीच सुपर निक्का व्हिस्की आणि ॲपल वाइन. सफरचंद का, तर व्हिस्की पिंपात मुरायला वर्षं लागणार, तोवर कंपनी सफरचंदाचा रस विकून तगली. पहिली व्हिस्की आली थेट 1940 मध्ये.

पण मला आप्पांना द्यायची होती ती वेगळी, तिथेच मिळणारी 'पीटी अँड सॉल्टी', 55 टक्क्यांची. म्युझियमच्या बारमध्ये पैसे देऊन छोटा पेग घेतला. मी सांगितलं, आधी नुसता वास घ्या, घाई नको. आप्पांनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बंब."

आणि खरंच की! आजीच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब, पहाटेची थंडी, ओलसर लाकडं, गोवरीचा तुकडा, आणि टॉवेलला सुद्धा लागणारा तो धुराचा वास. मी इतक्यांदा ही व्हिस्की प्यायले, प्रत्येक वेळी ओळखीचं काहीतरी वाटायचं पण नाव सापडत नव्हतं, ते आप्पांनी एका शब्दात सांगून टाकलं. घोट घेतला की आधी गोडसर, भाजलेल्या सफरचंदासारखं, मग जिभेच्या कडांना मीठ, आणि गिळल्यावर खालून तो धूर हळूहळू वर येतो. चार थेंब पाणी घातलं की तिखटपणा उतरतो आणि फळं पुढे येतात, मला तशीच जास्त आवडते. भारतात असाल तर गोव्याच्या पॉल जॉनची 'बोल्ड' चाखून बघा, तीही पीटवाली, सिंगल माल्टच आहे, धूर म्हणजे काय ते कळेल.

निघताना रीटाच्या घरासमोर थांबलो. युद्धाच्या काळात परकी म्हणून तिच्यावर पोलिसांची नजर असायची, तरी ती इथेच राहिली, 1961 मध्ये इथेच गेली. मी रोज रात्री आईला व्हिडिओ कॉल करते आणि तरी कधीकधी रडू येतं, तिला तर पत्र पोचायलाच आठवडे लागत असतील. आप्पा काही बोलले नाहीत, नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला.

येताना एक छोटी बाटली घेतली, रात्री घरी परत थोडी थोडी घेतली, ग्लास तसेच ओट्यावर राहिले. सकाळी उठून बघते तर आप्पा चहा बाजूला ठेवून तो रिकामा ग्लास नाकाशी धरून उभे. मला म्हणाले, "हा धुऊ नकोस इतक्यात. राख अजून ऊन आहे बघ यात."