हातात नुसता बिअरचा कॅन, अन् गेलं लायसन

आपल्या भागातलं एक पोरगं टेक्सासात शिकते, वय एकोणीस. पार्टीत हातात बिअरचा कॅन धरून उभं होतं, पोलीस आले, तिकीट दिलं, अन् पुढे कोर्टातून त्याचं ड्रायव्हिंग लायसन तीस दिवसांसाठी सस्पेंड झालं. मी यंदा सुट्टीत दारव्ह्याकडे गावी आलो तं त्याच्या वडिलांनी, म्हणजे नात्यानं माझ्या काकाजींनी, पहिला प्रश्न हाच विचारला, "काहून रे बापू, गाडी तं तो चालवतच नव्हता, मंग लायसन कसं काय गेलं?" प्रश्न अगदी बरोबर आहे आणि आता तालुक्याच्या गावांतूनही पोरं बारावीनंतर थेट तिकडे जाऊन राहिली म्हणून सविस्तर लिहितो.

टेक्सासच्या दारूच्या कायद्यात २१ वर्षांखालचा प्रत्येक जण मायनर, मग तो मतदान करत असो की फौजेत असो. त्यानं दारू विकत घेतली, प्यायला, किंवा नुसती जवळ बाळगली तरी गुन्हा, खोटं आयडी दाखवून वय वाढवून सांगितलं तरी गुन्हा. पहिल्या वेळी ५०० डॉलरपर्यंत दंड, दारूच्या परिणामांवरचा एक कोर्स, काही तास समाजसेवा, आणि वरून ३० दिवस लायसन बंद. दुसऱ्यांदा सापडला तर ६० दिवस, तिसऱ्यांदा १८० दिवस आणि तेव्हा जेलही होऊ शकते. गाडीचा यात कुठेच संबंध लागत नाही, आणि ज्याच्याकडे लायसनच नाही त्याला तेवढे दिवस नवीन मिळत नाही. कारण सरकारला हे पक्कं माहीत आहे की त्या वयाच्या पोराला दंडाची भीती वाटत नाही, दंड बाप भरतो, पण गाडीची चावी गेली की त्याला समजते.

आणि खरंच समजते. इकडे गाडी नसली तर एसटी आहे, काळीपिवळी आहे, कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून माणूस बाजाराला जाऊन येते. तिकडे मोठी शहरं सोडली तर बस नावालाच, किराण्याचं दुकान चार-पाच मैलांवर, रस्त्याला फुटपाथ नाही, उन्हाळ्यात आपल्या यवतमाळसारखंच कडक ऊन. कॉलेज, काम, दवाखाना सगळं गाडीवर. सस्पेंड असताना गाडी चालवली आणि सापडला तर तो वेगळा गुन्हा, म्हणजे तीस दिवसांचं प्रकरण आणखी लांबते. इन्शुरन्सही महागू शकतो. शिवाय ते कार्डच तिकडचं रोजचं ओळखपत्र, टेक्सासात २१ खालच्यांचं कार्ड उभं छापतात आणि मोठ्यांचं आडवं, दुकानदाराला एका नजरेत कळते.

आता जी गोष्ट काकाजींना सांगताना मला जास्त वाईट वाटलं ती. घरून पोराला फोनवर सल्ला गेला होता की दंड भर अन् मोकळा हो, वकिलाच्या नादी लागू नको. पण हे चालान भरून मिटणारं प्रकरण नाही. अशा केसमध्ये मायनरला गुन्हा कबूल करायचा तर जजसमोर उभं राहूनच करावा लागतो. पोरगं गेलं, 'गिल्टी' म्हणालं, कन्व्हिक्शन, म्हणजे दोषी असल्याचा शिक्का, लागलं, आणि कन्व्हिक्शन लागलं की लायसन सस्पेंड करायचा आदेश जजला काढावाच लागतो. त्याच जजला तो डिफर्ड डिस्पोझिशन मागू शकत होता. त्यात कोर्ट शिक्षा थांबवून ठेवते, अटी देते, कोर्स अन् समाजसेवा तरीही करावीच लागते, पण मुदतीत सगळं पूर्ण केलं तर केस डिसमिस होते आणि लायसन वाचते. कोर्सचं सर्टिफिकेट वेळेत कोर्टात जमा नाही केलं तर मात्र तेवढ्यावरूनही लायसन सहा महिन्यांपर्यंत जाऊ शकते. बहुतेक युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांसाठी कमी पैशात किंवा फुकट कायद्याचा सल्ला देणारं ऑफिस असते, पोरांनी तोंड उघडण्याआधी तिथे जावं एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

पिऊन गाडी चालवली तर मग बोलायलाच नको. मोठ्या माणसाला टेक्सासात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३, कागदावर आपला कायदा जास्त कडक. पण २१ खालच्याला तिकडे मर्यादाच नाही, अल्कोहोलचा जरासा अंश सापडला तरी बस. पोलीस तिथल्या तिथे कार्ड काढून घेतो आणि एक कागद देतो, त्यावर चाळीस दिवस गाडी चालवता येते, आणि सुनावणी मागायची असेल तर पंधरा दिवसांच्या आत मागावी लागते. नाही मागितली तर पहिल्याच वेळी ६० दिवस सस्पेंड. टेस्टला नाही म्हटलं तर १८० दिवस, कारण तिकडच्या रस्त्यावर गाडी चालवतो म्हणजे टेस्टला आधीच संमती दिली असं कायदा धरून चालतो.

नातेवाइकांसाठी एक. पोराचे मामाजी ह्यूस्टनला, काका डॅलसला, दिवाळीला सगळे जमतात, आणि कोणीतरी म्हणते घे रे एक, घरचेच आहोत. टेक्सासात स्वतःचे आईवडील, कायदेशीर पालक किंवा सज्ञान नवरा-बायको समोर असतील तर मायनरला सूट आहे. मामा त्यात बसत नाही, काका नाही, मोठा भाऊही नाही. मायनरला दारू देणाऱ्याला एक वर्षापर्यंत जेल, ४००० डॉलरपर्यंत दंड, आणि त्याचं स्वतःचं लायसन १८० दिवस बंद.

हा २१ चा आकडा आला कुठून तर त्याची गोष्ट आपल्या लोकांना लगेच पटते. सत्तरच्या दशकात बऱ्याच राज्यांनी वय खाली आणलं होतं, टेक्सासनं १९७३ मध्ये १८ केलं. मग शेजारच्या दोन राज्यांत वय वेगळं, पोरं हद्द ओलांडून प्यायला जायची आणि रात्री तशीच गाडी चालवत परत यायची अन् मरायची. वर्ध्यात दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी, आणि हद्दीपलीकडच्या बारपुढे कोणत्या गावच्या गाड्या लागतात ते आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. १९८४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनं कायदा केला की ज्या राज्यात वय २१ नाही त्याच्या हायवेच्या निधीतला हिस्सा कापू. साउथ डकोटा सुप्रीम कोर्टात गेलं, १९८७ मध्ये हरलं, आणि १९८८ पर्यंत सगळी राज्यं २१ वर आली.

आपल्याकडे बिअरला २१ आणि बाकी दारूला २५ वय आहे, परवानाही लागतो, पण धाब्यावर पोट्ट्याला वय कोण विचारते? आणि पंधरा वर्षांचं पोरगं वावरात डबा घेऊन गाडीवर जाते तेव्हा घरच्यांना कौतुकच वाटते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात पोर्शेखाली दोन जण गेले तेव्हा अल्पवयीन चालकाला जामिनासाठी लिहायला सांगितलेल्या निबंधाची चर्चा देशभर झाली, हे कलम मात्र गावात मी ज्याला विचारलं त्याला माहीत नव्हतं.

व्हिसाचंही ऐका. पिऊन गाडी चालवताना अटक झाली तर केस कोर्टात असतानाच अमेरिकन सरकार व्हिसा रद्द करू शकते, निकाल लागायची वाट पाहत नाही. शिकत असलेला पोरगा तिथे राहून शिकू शकेलच याची खात्री नाही, आणि बहिणीच्या लग्नाला घरी आला की परत जायला नवीन व्हिसा, आणि त्यासाठी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणी. टेक्सासात एकच कन्व्हिक्शन असेल तर २१ झाल्यावर रेकॉर्ड पुसायचा अर्ज करता येते, तरी व्हिसाच्या फॉर्मवर अटक अन् कन्व्हिक्शनचा प्रश्न असतोच आणि तिथे खोटं लिहिणं त्याहून महागात पडते. कोर्टाच्या निकालाची सर्टिफाइड कॉपी घेऊन ठेवायची, हे काकाजींनी लिहून घेतलं.

आणि हे सगळं वाचून पोरं घाबरली तर एक धोका आहे, म्हणून हेही सांगतो. मित्र जास्त पिऊन बेशुद्ध पडला आणि आपणही २१ खालचे, तर तिकीट मिळेल या भीतीनं पोरं ९११ ला, म्हणजे तिकडच्या आणीबाणीच्या नंबरला, फोन करत नाहीत. टेक्सासात २०११ पासून सूट आहे. जो मायनर सगळ्यात आधी मदत मागतो, मदत येईपर्यंत तिथेच थांबतो, पोलिसांना अन् डॉक्टरांना सहकार्य करतो, त्याच्यावर पिण्याचा किंवा बाळगण्याचा गुन्हा लागत नाही. स्वतःसाठी फोन केला तरी चालते. गाडी चालवली असेल तर ही सूट नाही, पण फोन तरीही करायचाच.